दर्याचा र

पुण्याच्या कला महाविद्यालयात शेवटची परीक्षा देऊन मी रत्नागिरीला परत आले तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती. थोडीथोडकी नाही, चांगली टम्म. वर्गातल्या बाकीच्यांनी मुंबई-पुण्याच्या जाहिरात कंपन्यांत इंटर्नशिप धरली होती आणि रोज काचेच्या केबिनींचे फोटो टाकत होते. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, बाबा जयगडच्या बंदरात पाळीवर, घरात कोणीतरी हवं होतं. म्हणून आले. कुरकुर केली, पण आले. कॉलेजला इंटर्नशिपचं प्रमाणपत्र द्यायचंच होतं, तेव्हा एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात जाऊन उभी राहिले. तिथे फ्लेक्स, लग्नपत्रिका, स्टिकर, रबरी शिक्के, सगळं व्हायचं. मालकांना अख्खी गल्ली भाऊ म्हणायची, मीही म्हणायला लागले.

भाऊंनी विचारलं, "काय काय येतं गो तुला?"

मी एका दमात सांगितलं. टायपोग्राफी, ब्रँडिंग, पॅकेजिंग.

"छान," ते म्हणाले. "मग हा गॉगल कापून दे."

गॉगल म्हणजे गॉगल घातलेला एक माणूस. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा होता आणि फोटो काढला होता घरातल्या पलंगावर. मागचा पलंग, उशा, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं कापून त्याच्यामागे उगवता सूर्य घालायचा. मी कापला. भाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "गॉगलच्या काचेत पंखा दिसतोय. सूर्यात पंखा कुठनं आला?" माझं पहिलं व्यावसायिक काम म्हणजे गॉगलातला पंखा पुसणं. मी ते अभिमानाने सांगते, कारण पंखा खरोखर छान पुसला होता.

भाऊंचा आधी फोटो स्टुडिओ होता. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि स्टुडिओ बसला, तेव्हा त्यांनी छपाई सुरू केली. म्हणून त्यांचं सगळं शास्त्र चेहऱ्याचं. चेहरा मोठा, अक्षर त्याहून मोठं, मध्ये जागा उरलीच तर गुलाबाचं फूल. मला ते बघून अंगावर काटा यायचा. मी रिकाम्या जागेची भक्त होते. कॉलेजात आम्हाला रिकामी जागा कशी श्वास घेते ते शिकवलं होतं, आणि इथे भाऊ प्रत्येक श्वासावर एक गुलाब ठेवत होते.

दुसरं काम लग्नपत्रिकेचं. निमंत्रकांच्या नावांत पाच काका होते. मला ती यादी वेडीवाकडी दिसत होती, म्हणून मी नावं लांबीप्रमाणे लावली. वर आखूड, खाली लांब, सुंदर त्रिकोण झाला. भाऊंनी प्रूफ पाहिलं आणि चष्मा काढला. "अगो, धाकटा काका सगळ्यात वर आणि थोरला तळाला? ह्या लग्नात मारामारी करायचीय का तुला?" मी म्हटलं, दिसायला छान दिसतंय. ते म्हणाले, "दिसेल हो. हॉस्पिटलातनं पण छान दिसेल." ते हसले, मी चिडले, आणि नावं पुन्हा मानाने लावली. चिडले तरी डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की इथे माणसं कागद बघत नाहीत, वाचतात. त्यात स्वतःला शोधतात.

मग चाची आली.

ती मांडवीची, म्हणजे रत्नागिरीतल्याच समुद्राकाठच्या वस्तीतली. वय साठीच्या पुढे, डोक्यावर पांढरी ओढणी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत जुन्या कॉफीच्या बाटलीत भरलेलं कोलंबीचं लोणचं. तिची बोली कोकणी मुसलमानांची. ती मला नीट लिहिता येत नाही, म्हणून माझ्या मराठीत घालून सांगते, ठसका तेवढा तुम्ही घाला. मी तिला "चाची, तुम्ही बसा" म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही काय गो, बाय? मी काय सरकारी बाई आहे? तू म्हण." तेव्हापासून तू.

तिला बरण्यांवर लावायला लेबल हवं होतं. लोणच्याचं नाव तिनेच ठरवलं होतं: दर्या. मी विचारलं, दर्याच का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी विचारलं होतं, पाणी ओलं का असतं. "मग काय ठेवू? सकाळी उठले की आधी तोच दिसतो."

बरण्यांचे फोटो काढायला मी तिच्या घरी गेले तेव्हा प्रकरण काय आहे ते कळलं. चाचा बोटीवर खलाशी होते, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक लेक कुवेतला, त्याची बायको-पोरं मुंब्र्याला फ्लॅटमध्ये. चाची मांडवीच्या घरात एकटी. गेल्या पावसाळ्यात ती अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण लेकाचा धीर मोडला. तेव्हापासून तो रोज फोनवर एकच सांगत होता, अम्मी, घराला कुलूप घाल आणि मुंब्र्याला जा. मी तिथे असतानाच त्याचा फोन आला आणि चाचीने स्पीकर लावला, मला ऐकवायलाच लावला असणार.

"एकटी राहायची नाहीस, एवढंच माझं म्हणणं आहे," तो म्हणत होता. आवाज चांगला होता, भांडखोर नव्हता. "डिसेंबरात सुट्टीवर येतो, तेव्हा बंद करून टाकू."

"एकटी कुठे राहणार? लोणचं चाललं की दोन बाया रोज येतील कामाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांचा राबता. रात्री त्यांतली एक इथेच झोपणार आहे, बोलणं झालंय."

"चाललं तर ना."

"चाललं तर," चाची म्हणाली. फोन ठेवला, आणि मला म्हणाली, "ऐकलंस? मुंबईला दादरच्या बाजूला कोकणी मालाचं दुकान आहे. त्याने सांगितलंय, एक पेटी पाठव, खपली तर दर महिन्याला घेईन. आता लेबल चांगलं कर. नाहीतर मी चालले लिफ्टच्या घरात."

म्हणजे ती मांडवीला राहणार की जाणार, हे त्या लेबलावर येऊन बसलं होतं. मला त्याचं दडपण आलं का? अजिबात नाही. मला आनंद झाला! शेवटी एकदाचं पॅकेजिंग. गॉगल नाही, काका नाहीत, आख्खी बरणी माझी.

मी जे लेबल केलं ते पुण्यात असतं तर टाळ्या पडल्या असत्या. फिकट मातकट कागद, मधोमध बारीक तपकिरी अक्षरांत "दर्या", त्याखाली अगदी लहान "लोणचं". बास. कोलंबी हा शब्द मागच्या बाजूला. गिऱ्हाइकाला कुतूहल वाटलं पाहिजे, बरणी हातात घेऊन फिरवावीशी वाटली पाहिजे, असं माझं म्हणणं. मांसाहारी पदार्थावर पुढच्या बाजूला ती तपकिरी खूण छापावीच लागते. तिने माझ्या चित्राची शोभा जात होती, म्हणून मी ती कोपऱ्यात तिळाएवढी ठेवली. तपकिरी तीळ, मातकट कागदावर.

चाचीने स्क्रीनकडे पाहिलं. "अर्धंच झालंय ना?"

"झालं पूर्ण."

"मग कोलंबी कुठाय?"

मी तिला रिकाम्या जागेवर व्याख्यान दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकलेली आहेस, बाय, तुला कळत असेल." हे वाक्य मला कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं.

छपाईचा पक्का मजकूर भाऊंनी नंतर पाठवला. भाऊ टाइप करत नाहीत, मोबाइलला तोंडाशी धरून बोलतात आणि मोबाइल लिहितो. मी घाईत, न वाचताच, तिथून शब्द उचलून लेबलात टाकला. त्याच दुपारी आईचं ऑपरेशन होतं, मी धावतपळत दवाखान्यात गेले, आणि फाइल भाऊंनी छपाईला लावली. दुसऱ्या दिवशी मी आले तर लेबलं छापून, कापून, गठ्ठे बांधून तयार. एक उचलून वाचलं. लिहिलं होतं: दऱ्या.

"भाऊ! हे काय छापलं?"

"काय छापलं? दर्या छापलं."

"हे दऱ्या आहे! दरी, दऱ्या! डोंगरातल्या!"

भाऊंनी लेबल लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "अगो, तेच ते. र ला य. वाचणारा बरोबर वाचतो."

"नाही वाचत! सूर्याचा र डोक्यावर बसतो, वाऱ्याचा र आडवा होऊन य च्या पोटाशी चिकटतो. हा समुद्र आहे, ह्याचा र डोक्यावर पाहिजे. तुमच्या मोबाइलने समुद्राचा डोंगर केला!"

भाऊ हसले. मी इतकी तापले होते की त्यांचं हसणं थांबेना. तेवढ्यात चाची आली, पेटी संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीने जायची होती. मी तिला सांगितलं, चूक झालीय, पुन्हा छापू. तिची शाळा उर्दूची. तिने बोटाने तो र चाचपला. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात गो. तू म्हणतेस तर असेल. पण गाडी चुकली तर तो दुकानदार म्हणेल, बाईचा पहिलाच वायदा खोटा." आम्ही तिघांनी बसून बरण्यांवर लेबलं चिकटवली. प्रत्येक लेबल चिकटवताना मी मनात भाऊंच्या मोबाइलला शिव्या घालत होते.

आठवडाही झाला नसेल. भर दुपारी चाची दुकानात आली आणि चालू फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मुंबईचा दुकानदार होता.

"ताई, लेबल तुम्ही केलंत का?" त्याने विचारलं. "मग ऐका."

त्याच्या दुकानात दोन फळ्या. एक कोकणची: कोकम, फणसपोळी, सुका म्हावरा. दुसरी घाटावरची: मध, नाचणी, ठेचा, रानातली लोणची. पेटी उघडली तेव्हा तो घाईत होता, कोणाकडून आलीय तेही पाहिलं नाही. त्याने वाचलं, दऱ्या, लोणचं. मातीचा रंग, ना मासा, ना काही. डोंगराकडचा माल दिसतोय, म्हणून नोकराने घाटाच्या फळीवर मधाशेजारी लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचं वर्षानुवर्षांचं एक गिऱ्हाईक आलं. घरात अंडंसुद्धा येत नाही अशी बाई. तिला वाटलं, दऱ्याखोऱ्यांतलं काहीतरी रानातलं, चांगलं असेल. घेऊन गेली. संध्याकाळी यजमानांच्या पानात थालीपिठाशेजारी वाढलं. त्यांनी घास घेतला, चावला, आणि विचारलं, "चव छान आहे, पण ह्या कसल्या शेंगा?"

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू? फुटलं आणि लगेच विझलं, कारण समोर चाची उभी होती.

"तुम्हाला हसायला काय जातंय?" दुकानदार म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. "ते दोघं बरणी घेऊन दुकानात आले. बाई रडत होती. मी हात जोडले, पाया पडलो. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पेटी परत पाठवतोय."

फोन ठेवला. चाची स्टुलावर बसली.  "लेकाला कळलंय," ती म्हणाली. "सुनेने सांगितलं असेल. तो म्हणाला, बघ अम्मी, आता हट्ट नको." मग म्हणाली, "मुंब्र्याचं घर चांगलं आहे गो. पोरं जीव लावतात. पण खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी. मी सकाळी उठून काय बघू?"

मला असला राग आला! भाऊंचा, त्यांच्या बोलक्या मोबाइलचा, त्या मरतुकड्या अक्षरांचा, आणि सगळ्यात जास्त त्या तिळाएवढ्या खुणेचा. एक चूक भाऊंची होती, एक माझी. एकेकटी असती तर खपून गेली असती. अक्षर चुकलं असतं आणि कोलंबी दिसली असती, तर कोणी फसलं नसतं. कोलंबी लपली असती आणि अक्षर बरोबर असतं, तरी समुद्र म्हटल्यावर माणूस सावध झाला असता. दोन्ही चुकांनी मिळून एका साध्या शाकाहारी माणसाला कोलंबी खाऊ घातली.  

मी रागात असले की मला फार नीट सुचतं. चाचीच्या फोनवरून मी दुकानदाराला परत फोन लावला.

"पेटी पाठवलीत का?"

"उद्याच्या गाडीला."

"तुम्ही कोलंबी खाता?"

"म्हणजे काय? मालवणचा आहे मी."

"लोणचं चाखलंत?"

"नाही. कशाला चाखू? डोक्याला ताप झालाय."

"मग एक बरणी ठेवून घ्या आणि आज रात्री भाकरीबरोबर खा. चूक लेबलाची आहे, ते मी केलंय, मला काय बोलायचं ते बोला. लोणच्याची काही चूक नाही. सकाळी मी फोन करते, तेव्हा सांगा, परत पाठवायचं का."

तो काही बोलायच्या आत मी फोन ठेवला. चाची माझ्याकडे बघत होती. "बाय, तुझी जीभ चांगली आहे," ती म्हणाली. ह्या वेळेला ते खरंच कौतुक होतं.

सकाळी त्यानेच फोन केला. "अर्धी बरणी संपली," तो म्हणाला, जरा नाराजीनेच. "घरात भांडणं लागली तिच्यावरून. पण ह्या लेबलावर मी विकणार नाही. दिवाळीची फळी लागायच्या आत नवीन पाठवा. एकदा फळी लागली की माझ्याकडे जागा नाही."

"पाठवते. फक्त मला तुमच्या कोकणच्या फळीचा फोटो पाठवा. गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तिथून काढलेला."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं, त्या क्षणी सुचलं. आणि आजतागायत मी कुठलंही काम घेताना पहिला तोच प्रश्न विचारते, वस्तू कुठे ठेवणार आणि माणूस कुठे उभा राहणार. माझं मातकट लेबल मी पांढऱ्या स्क्रीनवर एकटं पाहिलं होतं. दुकानात कोणीच एकटं नसतं. फोटोत सगळी फळी पिवळी आणि हिरवी होती, खचाखच, आणि त्यात माझी ती बारीक अक्षरं घातली असती तर पत्ता लागला नसता.

मग आम्ही तिघं कामाला लागलो. भाऊंनी कपाटातून जुना कॅमेरा काढला, फडक्याने पुसला आणि म्हणाले, "कोलंबी घेऊन ये. ताजी." चाचीने ताटलीभर आणली. भाऊंनी मोबाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवा इकडे, आरसा तिकडे, कोलंबीवर पाण्याचे थेंब, आणि त्यांनी एकेका कोलंबीचे असे फोटो काढले की नवरीचेही काढले नसतील. "चेहरा मोठा पाहिजे," ते म्हणाले, आणि मी पहिल्यांदा मान डोलावली. चाची म्हणाली, "हिला गॉगल लावा." तिघंही हसलो. त्या फोननंतर चाची हसली ती तेव्हाच.

अक्षर मी हाताने काढायचं ठरवलं. कुठला फॉन्ट काय करेल त्याचा भरवसा नको. ब्रश घेतला आणि "दर्या" लिहीत बसले. आधी अर्थातच मी रफाराची लाट केली. डोक्यावरून वळून येणारी, फेसासकट. सुंदर होती, भाऊंनाही आवडली. मी लांब जाऊन पाहिलं तर तो रफार वाटेना, नक्षी वाटली. लाट कोणीही काढतं. मला र हवा होता. डोक्यावर ठामपणे बसलेला, जाड, कोयतीच्या पात्यासारखा, की कोणी आंधळेपणानेही त्याची दरी करणार नाही. आमच्या घराचा व्हरांडा कागदांनी भरला. गुडघ्याला पट्टी बांधून बसलेली आई म्हणाली, "आता तरी जमलं का ग?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मला तर सगळे सारखेच दिसतात." मी म्हटलं, "म्हणूनच नाही जमलं."

शेवटी जमलं. गडद निळ्यावर पांढरा ठसठशीत "दर्या", खाली तेवढ्याच हिमतीने "कोलंबीचं लोणचं", शेजारी भाऊंची कोलंबी मिशा पसरून, आणि वर पांढऱ्या चौकोनात ती खूण, स्पष्ट, लाज न बाळगता. रिकामी जागा होती. पण आता ती अक्षराला वाट करून द्यायला होती, मला मिरवायला नव्हती.

छापण्याआधी मी नमुन्याच्या तीन बरण्या मांडवीतल्या एका किराणा दुकानाच्या फळीवर इतर बाटल्यांत मिसळून ठेवल्या आणि दारात उभी राहिले. येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचं, इथे कोलंबीचं लोणचं दिसतंय का हो? दारातूनच बोट दाखवत होते सगळे. एक आजोबा तर माझ्यावरच उखडले. "समोर एवढं मोठं लिहिलंय. शाळेत गेली नाहीस का?" मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

पेटी दिवाळीच्या आत गेली. मग वाट बघणं. चाची दिवसाआड दुकानात यायची, काहीतरी निमित्त काढून. मी पण दुसऱ्या कामात हात घालायची आणि कान फोनकडे. एक दिवस दुकानदाराचा फोन आला आणि त्याने एवढंच विचारलं, "पुढच्या महिन्याची पेटी कधी पाठवताय? फळी रिकामी दिसते, बरं दिसत नाही." मी किंचाळले. भाऊंनी आख्ख्या गल्लीला चहा पाजला. चाची मात्र उठून गेली, म्हणाली, दोन्ही बायांना आजच सांगते, उद्यापासून या.

तरी लेकाचं काय, हे राहिलंच होतं. फोनवर तो हो म्हणत नव्हता आणि नाही म्हणत नव्हता. येऊन बघतो, म्हणत होता. डिसेंबर आला तसा चाचीचा आवाज उतरत गेला. "त्याचा जीव माझ्यात अडकलाय गो," ती म्हणाली. "त्याला नाही म्हणायचं मला जड जातं. घसरले तेव्हा तो तिकडे कुवेतला रात्रभर जागा होता."  माझ्याही घरात गुडघा होता. मीही त्याच भीतीने पुण्याहून परत आले होते.

माझी इंटर्नशिप संपत आली तेव्हा एक उंच माणूस दुकानात आला. नीट इस्त्रीचा शर्ट, थकलेले डोळे. त्याने भाऊंना सलाम केला आणि माझ्याकडे वळला. "दर्या-दऱ्यावाल्या तुम्हीच का?"

माझ्या कपाळावर आठ्या आल्या. म्हटलं, हो, मीच. बोला.

"चार दिवस झाले येऊन," तो म्हणाला. "घरात मला बसायला जागा नाही. सकाळी उठावं तर स्वयंपाकघरात अम्मी धरून तीन बाया, मसाला, हसणं, गाणी. अम्मी मला म्हणते, बाजूला हो, बरण्या आहेत." तो हसत होता, पण डोळे भरले होते. "एक पाटी करायची आहे. घराच्या दाराला."

"काय लिहू? तुमचं आडनाव?"

"नको. बरणीवर आहे तेच लिहा. र डोक्यावरचा."

 मी विचारलंच. "घर बंद करणार होतात ना?"

"पाटी लावल्यावर कसं बंद करू?" तो म्हणाला.

पाटी मी फणसाच्या लाकडावर केली, कारण ते ह्या हवेत टिकतं. निळा रंग, पांढरं अक्षर, तोच ब्रश. चाचीला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. मी पाटी कापडात गुंडाळून मांडवीला गेले तेव्हा ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. लेकाने कापड काढलं. तिने ओढणीला हात पुसले, जवळ आली आणि अक्षरांवरून बोट फिरवत वरच्या त्या जाड पात्यावर थांबली.

"हा डोक्यावरचा ना?" तिने मला विचारलं.

"डोक्यावरचा."

"मग बरोबर आहे." ती लेकाकडे बघेना, पाटीकडेच बघत राहिली. तो हातोडी आणि खिळे घेऊन दाराशी उभा होता. तिने त्याच्या तळहातावरचे खिळे पाहिले आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "हे लोखंडाचे कशाला आणलेस? खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे टिकायचे नाहीत. पितळेचे आण. मला ही पाटी पुष्कळ वर्षं बघायची आहे."

त्याने हातोडी उंबऱ्यावर ठेवली, चपला घातल्या आणि पितळेचे खिळे आणायला बाजारात गेला.